तिला पुढचं सांगायचं होतं

बाई स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगू लागली की ऐकणाऱ्यांतला कुणीतरी म्हणतोच, ‘सगळेच पुरुष तसे नसतात हं.’ ती ‘सगळे’ म्हणालेलीच नसते. ती एकाच माणसाबद्दल बोलत असते.

परवा आम्ही कॉलेजमधले जुने मित्रमैत्रिणी भेटलो होतो. एक मैत्रीण तिच्या वरिष्ठाबद्दल सांगत होती. काम काढून तिला उशिरापर्यंत थांबवायचा, आणि रिकाम्या लिफ्टमध्येसुद्धा खेटून उभा राहायचा. ती आता जिन्याने उतरते. एवढं होतंय तोवर आमचा एक मित्र म्हणाला, “खरं सांगू? हल्ली ऑफिसात बायकांशी बोलायचीच भीती वाटते. कोण कधी काय आरोप करेल!” माणूस चांगला आहे, म्हणून तर जास्त लागलं. मग खोट्या तक्रारी, कायद्याचा गैरवापर, कुणाची तरी गेलेली नोकरी, हेच सुरू झालं. आणि तीच त्याची समजूत काढू लागली, “अरे, तुझ्याबद्दल नाही बोलत मी.”

जेनिफर फ्राइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1997 साली आरोप झालेल्या माणसाचा एक पवित्रा मांडला होता. आधी नाकारायचं, मग सांगणारीवर उलटायचं, शेवटी आपणच पीडित व्हायचं. माझ्या मित्रावर तर कुणी आरोपही केला नव्हता. तरी शेवटच्या पायरीवर तो थेट जाऊन बसला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अंदाजानुसार, जगातल्या साधारण तीनपैकी एका बाईने आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक, नाहीतर इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. या आकड्यात लैंगिक छळ धरलेलाच नाही. आणि तरीही कितीतरी पुरुष अगदी मनापासून सांगतात, ‘माझ्या ओळखीत असं कुणाच्या बाबतीत झालेलं नाही.’ झालेलं असतं हो. तुम्हाला सांगितलेलं नसतं. कुणापुढे बोललं की आपल्यालाच खुलासे द्यावे लागतात, हे बायका फार लवकर ओळखतात. मग त्या माणसाच्या कानावर काही जात नाही, आणि असं क्वचितच घडतं हा त्याचा समज पक्का होत जातो.

पुरुषांवरही अत्याचार होतात, लहान मुलगे सोसतात आणि गप्प राहतात. त्यांचं मला ऐकायचंय, अगदी वेळ काढून. पण ते मुलगे फक्त बाई बोलत असतानाच आठवत असतील, तर त्यात त्यांची काळजी कुठे आहे?

त्या रात्री मैत्रिणीने मला फोनवर उरलेलं सांगितलं. तिला तक्रार करायची आहे, पण तिचं वार्षिक मूल्यमापन त्याच वरिष्ठाच्या हातात आहे. आमच्या मित्राच्या हाताखाली मोठी टीम आहे. अशी तक्रार आत कशी पुढे सरकते, कुठे अडते, कागदावर काय हवं, हे आमच्यापैकी फक्त त्यालाच ठाऊक. तिला त्याला तेच विचारायचं होतं.