युरोपातली शांत गावे : आधी बसचे वेळापत्रक बघा, फोटो नंतर

युरोपात शांत जागा हवी असेल तर फोटो बघत बसू नका, त्या गावाच्या बसचे वेळापत्रक उघडा. दर वीस मिनिटांनी बस असलेले गाव कितीही देखणे असो, जुलैत त्याचे कळंगुट झालेले असते. ऑस्ट्रियातल्या हॉल्स्टाटची वस्ती आठशेच्याही आत आहे, पण उन्हाळ्यात तिथल्या एकुलत्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. उलट जिथे दिवसाला दोन-तीन बस येतात आणि रविवारी एकही येत नाही, तिथे संध्याकाळी सहानंतर गल्लीत तुम्ही असता आणि मांजरे असतात. गैरसोयही त्यातूनच येते. शेवटची बस चुकली तर टॅक्सी मिळत नाही, सोमवारी खाणावळ बंद असते, एटीएम शेजारच्या गावात असते. एवढे आधीच गृहीत धरून निघालात तर पुढचे सोपे आहे.

दुसरा नियम मुक्कामाचा. अशा गावांत गर्दी होते ती बहुतेक अकरा ते पाच, सहलीच्या बसमधून येणाऱ्यांची. तीन गावांत एकेक रात्र काढण्याऐवजी एकाच गावात तीन रात्री राहा.

आता तारखा. शॅक, गेस्ट हाउस, टॅक्सी अशा धंद्यातल्या गोवेकरांना सवड मिळते पावसाळ्यात, आणि घरात शाळेची मुले असली तर मे महिन्यात. युरोपातल्या शाळांना सुट्टी असते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून ते दोन महिने शक्यतो सोडाच. चवथ आटोपली की सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम : तिकडे गर्दी ओसरलेली असते, पाणी अजून कोमट असते आणि आपल्याकडचा सीझन सुरू व्हायचा असतो. मे महिनाही चांगला, विशेषतः दक्षिणेकडे. काही तारखा मात्र टाळा. १३ जूनला लिस्बनमध्ये सांत आंतोनियोचा उत्सव असतो. २४ जूनला आपल्याकडे सांजांव, तसा पोर्तोतही असतो, आणि तिथली २३ जूनची रात्र झोपण्यासाठी नसते. १५ ऑगस्टला पोर्तुगाल, इटली, स्लोव्हेनिया सगळीकडे सार्वजनिक सुट्टी असते.

गोव्यातून जाणाऱ्यांना पहिली शिफारस आलेंतेजची. लिस्बनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलेला हा प्रांत पोर्तुगालचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापतो, आणि वस्ती अगदी विरळ. लिस्बनहून एव्होराला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. जुने शहर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दिवसा तिथे पर्यटक असतात, म्हणून दोन रात्री पुरेत. खरी शांतता पुढच्या तटबंदीच्या गावांत आहे : मोन्साराझ, मार्वांव, कास्तेलो दे विदे.

मोन्साराझला जायचे तर रेगेंगोसपर्यंत मोठी बस मिळते. तिथून पुढचे सोळाएक किलोमीटर स्थानिक बसने, आणि घोळ होतो तो इथेच. ग्रामीण पोर्तुगालमधल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. वेळापत्रकाखाली बारीक अक्षरांत ‘फक्त शाळेच्या दिवशी’ अशी टीप असते, ती न वाचता लोक सुट्टीत येऊन थांब्यावर उभे राहतात. गाडी चालवता येत असेल तर एव्होरात भाड्याने घ्यावी. ऑटोमॅटिक हवी असल्यास बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर गियरची गाडी हातात पडते. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या वाहतूक खात्याकडून निघण्याआधीच काढून घ्या. टोलसाठी गाडीत लावायचे यंत्र कंपनीकडून घ्यावे, रोख आणि कार्डाच्या रांगेत वेळ जात नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुचाच्या ओकची झाडे लागतात. एखाद्या झाडापाशी गाडी थांबवून बघा. खालच्या खोडाची साल उतरवलेली असते, आतला भाग गुळगुळीत आणि तांबूस दिसतो, वर फांद्यांवर तीच साल जाड नि भेगाळलेली असते, आणि उघड्या खोडावर पांढऱ्या रंगात एकच आकडा लिहिलेला असतो. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ४ असेल तर २०२४ मध्ये काढली, आता २०३३ पर्यंत तिला हात लावायचा नाही. नऊ वर्षांचे अंतर कायद्यानेच घातलेले आहे. पहिली साल झाड पंचविशीत आल्यावर काढतात, पण बाटलीच्या बुचाच्या दर्जाची साल मिळते तिसऱ्या खेपेपासून, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. एवढा धीर असलेल्या प्रांतात दुपारी दोन तास दुकान बंद असले तर रागावू नये. आपल्याकडच्या दुपारच्या झोपेवर हसणाऱ्यांना तर तिथे मुद्दाम न्यावे.

मोन्साराझच्या तटाबाहेर गाडी ठेवून आत चालत जावे लागते. गल्ल्या ओबडधोबड दगडांच्या आहेत, चाकांची बॅग तिथे टिकत नाही. पाठीवरची पिशवी न्या. तटावरून खाली आल्केव्हाचे पाणी दिसते. २००२ मध्ये धरणाचे दरवाजे बंद केले आणि सुमारे २५० चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्यात लूझ नावाचे गाव गेले. गावकऱ्यांसाठी जवळच नवे लूझ वसवले, दफनभूमीसुद्धा हलवली, आणि तिथे आता या स्थलांतरावरचे संग्रहालय आहे. साळावली धरणाखाली गेलेले आणि मे महिन्यात पाण्याबाहेर डोकावणारे कुर्डी ज्यांनी पाहिले आहे त्यांनी लूझ चुकवू नये. हा परिसर रात्रीच्या काळोखासाठीही नावाजलेला आहे, २०११ पासून तारे बघण्याचे अधिकृत ठिकाण म्हणून त्याला मान्यता आहे. मुक्काम अमावास्येच्या आसपास ठेवा, घरचे कालनिर्णय इथे कामाला येते. पौर्णिमेला गेलात तर चांदणे छान पडेल, आकाशगंगा मात्र दिसणार नाही.

उत्तरेकडचे मार्वांव ८६० मीटर उंचीच्या खडकावर, स्पेनच्या सीमेला लागून आहे. त्याच्या जवळचे कास्तेलो दे विदे पणजीकरांनी तरी बघावेच. चर्च स्क्वेअरसमोरच्या पालिका उद्यानाला ज्याचे नाव आहे तो गार्सिया द ओर्ता या गावचा. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू घराण्यातला हा वैद्य गोव्यात येऊन राहिला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. गावातला जुना ज्यू मोहल्ला चढणीच्या अरुंद गल्ल्यांचा आहे, जुने सिनेगॉग आता संग्रहालय झाले आहे.

खाण्याच्या वेळा पाळा. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असते आणि कॉफी-केकवर भागवावे लागते. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते, ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. आसोर्दा नावाचा प्रकार गोवेकरांना आवडतो : शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, वर अंडे आणि सढळ हाताने कोथिंबीर. शाकाहाऱ्यांनी ‘बाकल्याव नको’ असे आधीच सांगावे, कारण त्यात खारवलेला मासा बऱ्याचदा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि ती कोरडी उष्णता आपल्या घामाच्या उन्हाळ्याहून वेगळी असते. दुपारी किल्ल्यावर चढू नका.

डोंगर आणि पाणी हवे असेल तर स्लोव्हेनियातले बोहिन्य. सगळे जग ब्लेडच्या तळ्याला जाते आणि तिथून परत फिरते. बोहिन्य तिथून पंचवीसेक किलोमीटर पुढे, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात आहे. तळे चार किलोमीटरहून थोडे लांब आणि जेमतेम एक किलोमीटर रुंद. प्रवासी होडी विजेवर चालते, त्यामुळे पाण्यावर इंजिनाची घरघर नाही. तळ्याला पायी फेरी साधारण बारा किलोमीटरची, तीन ते चार तासांची. उत्तरेचा काठ घ्या, दक्षिणेच्या काठाने रस्ता जातो. पश्चिमेच्या टोकाला उकांत्स. तिथून साविका धबधब्याची वाट आणि व्होगेलची केबल कार. वर १,५३५ मीटरवर हवा क्षणात बदलते, म्हणून खाली ऊन असले तरी जाकीट सोबत ठेवा. ढग उतरलेले असतील तर तिकीट काढू नका, वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तिकीट खिडकीजवळच्या पडद्यावर वरच्या कॅमेऱ्याचे चित्र असते, ते आधी बघा.

मुक्काम तळ्याकाठच्या रिब्चेव लाझऐवजी स्तारा फुझिना किंवा स्तुदोरमध्ये ठेवावा. स्तुदोरच्या कडेला गवत वाळवायच्या लाकडी मांडवांची रांग आहे. दोन चौकटी समोरासमोर, वर एकच छप्पर, आडव्या दांड्यांमध्ये गवत खोवलेले आणि माळ्यावर अवजारे. भरपूर पावसाच्या या खोऱ्यात गवत जमिनीवर टाकले तर कुजते, म्हणून ही सोय. पावसाळ्याआधीची बेगमी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना ते मांडव समजावून सांगायला नकोत.

ल्युब्लियानाहून थेट बस सुमारे दोन तास घेते. रेल्वेने बोहिन्स्का बिस्त्रिकाला उतरलात तर तळे अजून सहा किलोमीटर दूर असते, तेव्हा पुढची बस बघूनच गाडी निवडा. दुरुस्तीच्या काळात रेल्वेऐवजी बदली बस सोडतात, तेही स्टेशनवर विचारून घ्या. सर्वांत मोठा खड्डा रविवारचा. २०२० च्या कायद्याने स्लोव्हेनियातली बहुतेक दुकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी बंद असतात. दूध, पाव, फळे शनिवारी दुपारपर्यंत घेऊन ठेवा. विमान झाग्रेबचे स्वस्त मिळाले तरी हरकत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसा तोच चालतो.

आझोर्स बेटांची शिफारस सरसकट करवत नाही. अटलांटिकच्या मधोमध नऊ बेटे, हिरवीगार आणि खरोखर निवांत, पण वारा आणि धुके यांमुळे बेटांमधली विमाने रद्द होतात, आणि फ्लोरेसहून कोर्वोला जाणारी होडी तर समुद्राच्या मर्जीवर. परतीच्या मोठ्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवता येत असतील तरच जा. जाणाऱ्यांनी सांव जोर्जवरची एक वाट करावी : सेरा दो तोपोपासून उतरत समुद्रकाठच्या कालदेइरा दे सांतो क्रिस्तोला आणि तिथून फाजां दोस कुब्रेसला, सारे मिळून सुमारे दहा किलोमीटर. मधल्या वस्तीत मोटार पोहोचत नाही. वाट जिथे सुरू होते तिथे संपत नाही, म्हणून सकाळी सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाच दुसऱ्या टोकाला यायची वेळ देऊन ठेवा. कालदेइराच्या खाऱ्या तळ्यातल्या तिसऱ्या (शिंपले) प्रसिद्ध आहेत. आपल्या सुक्याशी तुलना ज्याची त्याने करावी.

स्वित्झर्लंडला जायचेच असेल तर इंटरलाकेन सोडून आग्नेयेच्या ब्रेगाल्या खोऱ्यातले सोल्यो बघा. सेंट मॉरिट्झहून पिवळी पोस्टबस, मध्ये प्रोमोंतोन्योला बदल. फोनच्या युरोपियन पॅकमध्ये स्वित्झर्लंड अनेकदा नसते. तपासले नाही तर बिल येते.

व्हिसाचा नियम साधा आहे आणि तरी चुकतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल पडेल त्याच्याकडे. पोर्तुगालचे कौन्सुलेट पणजीत आहे म्हणून मुक्काम स्लोव्हेनियात आणि कागद पोर्तुगालचे, असा प्रकार अंगाशी येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी हवा. मोठ्यांना फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो.

घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय, अशी जोडपी गोव्यात कमी नाहीत. दोघे मिळून पोर्तुगाल सोडून दुसऱ्या युरोपियन संघातल्या देशात, समजा स्लोव्हेनियात जात असतील, तर भारतीय जोडीदाराला व्हिसा विनाशुल्क मिळतो आणि त्याची कारवाईही लवकर व्हायला हवी. त्यासाठी विवाहाचा दाखला आणि एकत्र प्रवासाची तिकिटे जोडा. पोर्तुगालला जाताना ही सवलत धरू नका. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने परतीसाठी ओसीआय कार्ड विसरू नये.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणे सुरू झाले आहे. लिस्बनला रांग लांबते, पुढच्या विमानात निदान चार तासांचे अंतर ठेवा. इथून निघताना तिकिटावर दाबोळी आहे की मोपा तेही नीट वाचा.

शेवटी बॅग. युरोपियन संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे चोरीस, तूप, पेढे घरीच ठेवा. सुके बांगडे, सुकी सुंगटे स्वतःपुरती चालतात. मे महिन्यात मानकुराद न्यायचा मोह होतो, पण आंब्याला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, नाहीतर कस्टममध्ये टोपलीत जातो. नारळ, केळी आणि अननस यांना तो लागत नाही. सुके खोबरे मात्र आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात, तेव्हा ते भरूच नका.