घावण्याचा तवा आणि आमची चिंगी

मागच्या आठवड्यात वाडीतल्या एका वहिनींनी विचारलं, मुलगा पोपट हवा म्हणून मागे लागलाय, तुझ्याकडे पक्षी आहे ना, कुठून आणू सांग. त्यांना ओटीवर बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमची चिंगी वाचली असती.

चिंगी म्हणजे आमची लव्हबर्ड. आषाढातली सकाळ, बाहेर धो धो पाऊस, झड आत येते म्हणून दारं-खिडक्या सगळी बंद. घावणे घालायला मी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात फोन आला, मी बोलत बसले आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत राहिला. आम्हाला जरासा वास आला, बाकी काही नाही. पिंजरा शेजारच्याच खोलीत. थोड्या वेळाने बघते तर ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, चोच उघडी, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होतेय. डॉक्टरांना फोन लागेपर्यंत गेली. त्यांनीच सांगितलं की नॉनस्टिक तव्यावरचा थर, म्हणजे टेफ्लॉन, जास्त तापलं की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांसाठी विषारी असतो, मिनिटांत जीव जातो. तेव्हापासून आमच्याकडे आजीचा बिडाचा तवा परत आला. मच्छर अगरबत्ती आणि धूपसुद्धा पक्ष्याच्या खोलीत नाही, गणपतीतही नाही.

आता आमच्याकडे कॉकाटील, म्हणजे छोटा तुरेवाला पोपट आहे, बाबू. तो आला तेव्हा माझी भाची त्याला मुठीत धरायला धावली, आई ओरडली, "गे, तेका दाबू नको!" आईचं बरोबरच होतं, पक्ष्यांना आपल्यासारखं छाती-पोटामधलं श्वासपटल नसतं, छाती भात्यासारखी हलली तरच हवा आत जाते, छाती आवळली की श्वास बंद. म्हणून हातावर घ्यायचं तर तर्जनी आडवी करून पायांच्या जरा वर पोटाला हलकेच टेकवायची, तो आपणहून चढतो. बाबू पहिले तीन आठवडे चढलाच नाही. मी रोज संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडून राळ्याचं कणीस हातात धरून नुसती बसायचे, एक दिवस त्याने कणीस खाता खाता एक पाय बोटावर ठेवला, मग दुसरा, नखं गार लागली. बाहेर काढायच्या आधी पंखा बंद, हे आमच्याकडे कडी लावण्याइतकं अंगवळणी पडलंय.

खाण्याचं म्हणाल तर नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी ठेवू नका, त्यात चरबी फार आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा, मिरची द्या, मिरची त्यांना तिखट लागतच नाही. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी अजिबात नको. पावसाळ्यात आपल्याकडे शेंगदाण्याला लगेच बुरशी धरते, तसले दाणे फेकूनच द्या. बसायला दुकानातली गुळगुळीत काठी काढून पेरूची वाकडीतिकडी फांदी लावा, कमी-जास्त जाडीमुळे तळपाय दुखत नाहीत. आणि विष्ठा वाळलेली असताना झाडू नका, आधी पाणी शिंपडा, त्या धुळीतून माणसालाही सिटॅकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो.

वहिनींना हवा होता तो मात्र हिरवा, लाल चोचीचा. मेलेल्या माडाच्या ढोलीतून पिल्लं काढून विकणारे आपल्याकडे भेटतात, पण आपले देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. कायदा राहू दे बाजूला, ती पिल्लं बिनपिसांची असतात हो, अर्धी वाटेतच मरत असतील. कुठे विकताना दिसली तर वनखात्याला 1926 वर फोन करा.

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मुलाला घेऊन येते, रोज संध्याकाळी अर्धा तास बाबूजवळ बसू दे. काल पहिल्यांदा आला, हातात कणीस धरून, अजिबात न हलता.