किल्लीपायी गेलेली सकाळ आणि एकच फ्लाय : माझा ट्राउटचा अनुभव

मे महिन्यातली गोष्ट, पण राग अजून उतरलेला नाही. कोल्हापुरातून दिल्ली, तिथून औट, बंजार असं करत हिमाचलातल्या तीर्थन नदीवर पोहोचलो ते ट्राउट ही मासळी पकडायला. आपल्या पंचगंगेत ती मिळणार नाही, तिला बारमाही गार पाणी लागतं.

परवाना लागतो, तोही दिवसापुरता. वाटेतल्या एका ऑफिसात सव्वादहाला अर्ज, आधारची झेरॉक्स, फोटो, सुट्टे पैसे, सगळं टेबलावर ठेवलं. पावतीपुस्तक कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब दौऱ्यावर. ‘बैठिए, आते ही होंगे.’ अकरा वाजले, बारा वाजले. येताना पाहिलेलं पाणी इतकं नितळ होतं की तळातले गोटे मोजावेत. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी वाढतं, गढुळतं, हे माहीत असल्यामुळे बाकावर बसवेना. दुसरं पुस्तक नाही का, विचारलं. नव्हतं. कारकुनाचा दोष नाही, त्यानं तीनदा फोन लावला. पण एका माणसाच्या खिशात किल्ली आणि बाहेर पाच माणसं ताटकळत, ही पद्धत चूकच. पावणेदोनला पावती हातात पडली. तुम्ही जाणार असाल तर परवान्याचं काम आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

उजेडाचे चार-साडेचार तास उरले होते. डबीत वीस प्रकारच्या फ्लाय, म्हणजे हुकवर पीस-दोरा बांधून केलेले नकली किडे, होत्या, पण बदलत बसायला वेळ नव्हता. फेझंट टेल निम्फ, म्हणजे फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, बांधली ती शेवटपर्यंत ठेवली. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची ही फ्लाय. दोऱ्याऐवजी ते बारीक तांब्याची तार गुंडाळत, त्या वजनानं ती बुडते. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं आणि ही तपकिरी, बारीक फ्लाय तिथल्या कितीतरी किड्यांसारखी दिसते. माझी तार कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, मोटार रिवाइंडिंगची, ४० गेज. पीस मात्र साध्या तांबड्या कोंबड्याच्या शेपटीचं. १४ नंबरच्या हुकवर मी ती घरीच बांधली होती, याचा मला अभिमान आहे.

फ्लाय एकच असली की मासा कुठल्या पाण्यात आहे तेवढंच शोधायचं उरतं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, म्हणून खालून वर चालत गेलो. एका जागी तीन-चार वेळा टाकायची, नाही तर पुढे. उथळ खळखळाटात काही नाही. डोहाच्या मध्यात काही नाही. मग एका मोठ्या धोंड्यामागे, जिथे धावतं पाणी आणि संथ पाणी घासून जातं त्या रेघेवर, दोरीचं टोक क्षणभर थबकलं. मी काठी उचलली.

ब्राउन ट्राउट, वीतभर. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हात ओले करूनच धरा. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून घ्या, म्हणजे मासा पटकन सुटतो. त्यानंतर फक्त धोंड्यामागच्या रेघाच धरल्या. अंधार पडेपर्यंत आणखी तीन मिळाल्या, चारही सोडल्या.

आणि हो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा तिकीट काढू नका.