सितिनी ना तातू

पहिल्याच दिवशी मी शाळेत सहा तास उशिरा पोहोचले. मुख्याध्यापकांनी निरोप धाडला होता, ‘सा न्ने’ला या. न्ने म्हणजे चार, एवढं स्वाहिली मी वाईहून निघतानाच घोकून ठेवलं होतं. दुपारी चारला नीट साडी नेसून हजर झाले, तर पटांगण झाडून मोकळं आणि शिपाई कुलूप लावतोय. टांझानियात दिवस उजाडला की तास मोजायला लागतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि ‘सा न्ने’ म्हणजे सकाळचे दहा! घड्याळ तेच, पण छोट्या काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. मुख्याध्यापक रागावले नाहीत. फक्त ‘पोले’ म्हणाले. या शब्दाला मराठीत जोड नाही. प्रवासाने दमलात, ‘पोले’. ठेच लागली, ‘पोले’. खूप काम पडलं, तरी ‘पोले’.

एकतीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झाले आणि स्वयंसेवक शिक्षक पाठवणाऱ्या एका संस्थेमार्फत इरिंगा भागातल्या एका खेड्यात तीन महिन्यांसाठी गेले. दार-ए-सलामहून बसने अख्खा दिवस लागतो. मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून हमरस्ताच जातो, त्यामुळे जिराफ आणि हत्ती तिकिटाच्या पैशांत दिसले. पुढे गोरखचिंचांचं रान लागतं, आपल्याकडे एखादाच जुना वृक्ष असतो तसले शेकडो. मग कितोंगाचा घाट येतो. खंबाटकीची सवय असलेल्या मीही तिथे डोळे मिटून घेतले. इरिंगा दीड हजार मीटरवर आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून मी सुती साड्या भरल्या होत्या. जुलैच्या थंडीत बाजारातून जुना स्वेटर घ्यावा लागला.

जेवणाचं फार सांगत नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला उगाली म्हणतात. बरोबर घेवड्यासारखी उसळ आणि ‘म्चिचा’. म्चिचा म्हणजे आपला माठ! पहिल्या आठवड्यात माठाच्या भाजीनेच मला तारलं.

मला फॉर्म वन दिला. म्हणजे आपली आठवी. वर्गात शहात्तर मुलं, एका बाकावर चौघं. २०१६ पासून सरकारने फॉर्म फोरपर्यंतची फी माफ केली. मुलं आली, खोल्या मात्र तेवढ्याच. मी आत गेले की सगळी उठून एका सुरात ‘गुड मॉर्निंग, मॅडम!’ आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटं शुकशुकाट. समजलं का विचारलं की ‘येस मॅडम’. समजलं नाही का विचारलं तरी ‘येस मॅडम’.

दोष माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीला देऊन मी आठवडाभर आवाज चढवत राहिले. तिथले गणिताचे मास्तर, सव्वीस वर्षांचा मुलगा, चारही फॉर्म एकटा सांभाळणारा, मागच्या बाकावर बसून ऐकायचे. एक दिवस तास संपल्यावर म्हणाले, “मामा, तुम्ही जोरात बोलता म्हणून त्यांना इंग्रजी येणार नाही.” (मामा म्हणजे आई. थोरल्या बाईला तिथे असंच म्हणतात.)

खरी भानगड अशी. १९६७ पासून टांझानियातल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिलीत आहे. सात वर्षं पोरं ‘हिसाबाती’ शिकतात, म्हणजे आपला हिशेबच. आठव्या वर्षी पुस्तक उघडावं तर सगळं इंग्रजी. परीक्षाही इंग्रजीत. शिक्षकखोलीच्या दारावर खडूने लिहिलेलं, ‘नो इंग्लिश, नो सर्व्हिस’. स्वाहिलीत काही मागितलं तर मिळायचं नाही. बिचारी मुलं काही मागतच नसत.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पावाचा अर्धा किती, असं इंग्रजीत विचारलं. शांतता. मास्तर मागून हळूच म्हणाले, “नुसू या रोबो?” आणि अख्खा वर्ग ओरडला, “मोजा या नाने!” एक अष्टमांश. पाव किलो साखर आणायला ही पोरं दुकानात जातात. दुकानाला तिथे ‘दुका’च म्हणतात. दुकान, कलम, हिशेब, सही हे शब्द अरबी-फारसीतून दोन्ही किनाऱ्यांच्या भाषांत आले. नुसत्या शब्दांवर आमची दोस्ती जमत गेली. माझ्या आजोबांची पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, त्या वर्गाने चुटकीसरशी उचलली असती.

मग आकडे. स्वाहिलीत त्रेसष्ट म्हणजे ‘सितिनी ना तातू’, साठ आणि तीन. एकदा दहापर्यंत आणि दशक आले की शंभरापर्यंतचे सगळे आकडे फुकटात. एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ नाही, त्रेपन्न-त्रेसष्ट-त्र्याहत्तरची कसरत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचायला सुचवलं, तेव्हा वाईत सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच होते. गणितज्ञ मंगला नारळीकर आणि त्यांच्या पाठ्यपुस्तक समितीने समजावून सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नव्हतं. तिथे पहिलीतलं पोर कोंबड्यांच्या एक्याण्णव अंड्यांचं गणित न अडखळता सांगत होतं. माझा नातू अजून एकोणऐंशीला थबकतो.

संस्थेच्या माहितीपत्रकावर हसऱ्या मुलांचे फोटो होते आणि ‘जीवन बदला’ असलं काही लिहिलेलं होतं. भाषा न येणारी बाई पाठवून कुणाचं काय बदलणार, हे मी निघण्यापूर्वी विचारायला हवं होतं. त्या पैशांत तिथे एखाद्या शिक्षकाचा निदान काही महिन्यांचा पगार निघाला असता. मी शिकवलेलं त्रैराशिक मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवलं, हेही मला माहीत आहे.

उपयोगाचं एकच झालं. मास्तर आणि मी मिळून मागच्या भिंतीवर मोठा तक्ता रंगवला. एका रकान्यात इंग्रजी शब्द, शेजारी स्वाहिली. भागाकार, वजाबाकी, कोन, क्षेत्रफळ, सगळं. वजाबाकीला स्वाहिलीत ‘कुतोआ’, म्हणजे काढून घेणं. परीक्षेतला प्रश्न वाचताना मुलं मान वळवून भिंतीकडे बघायची. मी कानाडोळा करायचे.

माझ्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याचे शिक्षणाधिकारी येणार, असा निरोप आला. मुख्याध्यापक वर्गात आले, तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग काही न बोलता शिक्षकखोलीतला टांझानियाचा मोठा नकाशा आणवला आणि स्वतः स्टुलावर चढून त्यावर टांगला. साहेब आले, इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, ‘येस सर’ ऐकून चहा पिऊन गेले.

नकाशा कुणी काढला नाही. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला वर्गात गेले, तेव्हा चाचणी चालू होती. मागच्या बाकावरची एक मुलगी नकाशाची खालची कड हळूच वर करून ‘परिमिती’ शोधत होती.