तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगन की गोगलगाय?

खानापुरात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे एक प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. "काय ओ सर, कोमोडो ड्रॅगनपेक्षा डेंजर काय असतंय?" मी म्हणतो, गोगलगाय. वर्ग खो खो हसतो. पालक विचारतात तेव्हा तेही हसतात, फक्त जरा आदबीनं.

कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचा भाऊबंद. राहतो इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवर. लांबी ३ मीटरपर्यंत, वजन ७० किलोच्या आसपास; हरणं, रानडुकरं, प्रसंगी म्हशीसुद्धा पाडतो. त्याच्या लाळेतल्या जंतूंनी शिकार सडून मरते, असं वर्षानुवर्षं छापून यायचं. २००९ मध्ये संशोधकांनी त्याच्या खालच्या जबड्यातल्या विषग्रंथी दाखवल्या. त्या विषानं रक्त गोठत नाही, रक्तदाब उतरतो. माझ्या मते मात्र निम्म्याहून जास्त काम दातांचंच.

आता समुद्रातली शंकूच्या आकाराची गोगलगाय घ्या. तिच्यातली सगळ्यात जहाल जात, जिऑग्राफी कोन, तळहातावर मावते. शंखावर तपकिरी जाळीदार नक्षी, बघताक्षणी उचलावीशी वाटणारी. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते हिला शोभतं! माशांजवळ जाऊन ही पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते. माशांच्या रक्तातली साखर झपकन उतरते, ते सुस्तावतात, आणि ही तोंड झोळीसारखं पसरून त्यांना आत घेते. मग सोंडेच्या टोकाचा पोकळ, काटेरी दात टोचून विष भरते. एक दात एकदाच वापरायचा. पुढच्या वेळी आतल्या पिशवीतून नवा.

माणसाला टोचला तर श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. उतारा नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवायचं, बस.

आपली मंडळी चोर्ल्यातून गोव्याला उतरतात, पोरं खिसे भरून शंख आणतात. या कुळातल्या काही जाती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आहेत. म्हणून मी पोरांना बजावतो, रिकामा शंख खुशाल घ्या; आत जीव असेल तर हात लावायचा नाही.

यावर एखादी पोरगी हमखास विचारते, "मग असली गोगलगाय ठेवायची कशाला, सर?" तिच्यासाठी: याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या विषावरून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ मध्ये मंजुरी मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या वेदनांवर ते देतात, पंपानं थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात.