पेपर मागे घेण्याचीही फी!

लॉकडाऊनमध्ये बडोद्यातल्या मधुमेही रुग्णांच्या औषधांची कशी आबाळ झाली, यावर फोनवरून मुलाखती घेऊन आम्ही पेपर (शोधनिबंध) लिहिला होता. तेव्हाच्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमानुसार पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक तरी पेपर छापून यावा लागे. त्यात कोरोनावरचं लिखाण शिळं होण्याची धास्ती. सहलेखकाने तो घाईत एका जर्नलला धाडला. रविवारी पाठवला, मंगळवारी ‘स्वीकृत’! परीक्षकांचा शेरा एकही नाही, खाली फक्त शुल्काचा आकडा. नाव आणि आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीतल्या एका जुन्या जर्नलचे, वेबसाइट मात्र भलतीच. म्हणजे क्लोन, खऱ्या जर्नलच्या नावाने चालवलेलं नकली जर्नल. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकला की खरा प्रकाशक कोण ते कळतं, तेवढं आधी बघाच.

खरा ताप पुढे. एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे देता येतो, त्यामुळे इथून सुटल्याशिवाय दुसरीकडे पाठवायची सोय नाही. ‘मागे घेतो’ म्हणून कळवलं, तर उत्तर आलं: ‘विथड्रॉवल फी भरा, नाहीतर याच अंकात छापतो.’ छापण्याची धमकी मी पहिल्यांदाच ऐकत होते! दांडिया बाजारात राहणारे काका म्हणाले, “भरून टाक गं, कटकट मिटव.” नाही भरले. भरल्यावरही छापणार नाहीत, याची हमी कोण देणार? कॉपीराइट फॉर्मवर सह्या झाल्या नव्हत्या, ते एक बरं. ‘हक्क दिलेले नाहीत, शुल्क दिलेलं नाही, पेपर मागे घेतला आहे’ एवढंच लिहून ईमेल केला. मग तोच पुन्हा, पुन्हा. उत्तरात दर वेळी तीच फी, कधी ‘सवलतीत’.

शेवटी त्यांच्या संपादक मंडळात नाव असलेल्या एका प्राध्यापकांना थेट विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलं. ते म्हणाले, माझं नाव तिथे आहे हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय! त्यांनीही त्या लोकांना खडसावलं. थोड्याच दिवसांत मंडळाचं पान साइटवरून गायब, आणि फीचे ईमेलही बंद. स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा, नंतर पुरावा मिळत नाही.

नव्या जर्नलला कव्हर लेटरमध्ये सगळं सांगितलं, ईमेलच्या प्रती जोडल्या. तिथल्या परीक्षकांनी नमुना निवडीवरून आम्हाला असं झोडपलं की अर्धा पेपर नव्याने लिहावा लागला. काय बरं वाटलं म्हणून सांगू, कुणीतरी वाचला होता!

केअर यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारं जर्नल असेल तर आता निदान डीओएजेमध्ये (अशा जर्नलांच्या ऑनलाइन सूचीत) शोधा, आणि वेबसाइटचा पत्ताही तिथूनच घ्या.