तांबेकर वाड्याची फिल्म: सात फ्रेमांचा घोळ सुटला

बडोद्याच्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवरची ही छोटी फिल्म, आणि तिचं संगीत कॉम्प्युटरवर लिहिलेलं. त्यातली शेवटची सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) अखेर दारावर बसली. पन्नास आवर्तनं पुरी होतात, तबल्याचा ‘धा’ पडतो आणि त्याच फ्रेमवर वाड्याचं लाकडी दार मिटतं. मागच्या नोंदीपर्यंत हा धा सात फ्रेम आधी पडत होता. दाराची फळी अजून वीतभर उघडी, आणि थाप वाजून मोकळी!

आराखडा आधीचाच आहे. आठ मात्रांचा केरवा, लय १०० (मिनिटाला १०० मात्रा), सेकंदाला ३० फ्रेमचा हिशेब: मात्रेला १८ फ्रेम, आवर्तनाला १४४, पन्नास आवर्तनांना ७२००, म्हणजे टाइमकोडवर (प्रत्येक फ्रेमला वेळेचा क्रमांक देणाऱ्या मोजणीवर) बरोबर चार मिनिटं. भित्तिचित्रांचे सगळे कट १४४ च्या पटीत लावलेले. कागदावर कुठेच चूक सापडेना, म्हणून शोध लांबला.

पहिला संशय आवाजाच्या सॅम्पल रेटवर, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या गल्लतीवर गेला. पण त्या गल्लतीत सूरच जवळजवळ दीड पट्टी सरकतो, आणि इथे सूर जागेवर होता. दुसरा संशय मोबाइलच्या शॉट्सवर. मोबाइल फ्रेमरेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये ‘व्हेरिएबल’ दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ-कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट करूनच क्लिप टाइमलाइनवर घ्यावी. ते आधीच झालेलं होतं. मग फरक मोजला. पहिल्या समेला शून्य, दोन मिनिटांवर साडेतीन फ्रेम, चार मिनिटांवर सात. फरक शेवटपर्यंत तेवढाच राहिला असता, तर फाइल थोडी पुढे सरकवून भागलं असतं. पण तो वाढत जातो तेव्हा दोन घड्याळं वेगळी चालताहेत हे नक्की.

टाइमलाइन सेकंदाला ३० फ्रेमची नव्हतीच, २९.९७ ची होती. नॉन-ड्रॉप (एकही क्रमांक न गाळणारा) टाइमकोड फ्रेम मोजतो, सेकंद मोजत नाही. त्या ७२०० फ्रेम चालायला २४०.२४ सेकंद लागतात. संगीत लिहून वाजवणारं म्युझस्कोर हे सॉफ्टवेअर मात्र खऱ्या सेकंदांवर चालतं; त्याने ४०० मात्रा २४० सेकंदांत संपवल्या आणि चित्र पाव सेकंद मागे राहिलं.

उपाय एका आकड्याचा: लय १०० ऐवजी ९९.९. म्युझस्कोरमध्ये पहिल्या बारवर (स्वरलिपीतल्या पहिल्या खणावर) आल्ट-शिफ्ट-टी, त्यात ९९.९, मग व्ही दाबून खूण अदृश्य. ४०० मात्रा आता २४०.२४ सेकंदांत संपतात. कट एकही हलवावा लागला नाही, याचा आनंद फार मोठा आहे. अशा स्कोरमध्ये फर्माटा (सूर लांबवण्याची खूण) अजिबात नको; तो प्लेबॅकमध्ये वेळ खातो आणि पुढची प्रत्येक सम ढकलतो. शेवटी एक रिकामा बार ठेवला, म्हणजे घुमारा तुटत नाही.

चाल हार्मोनियमलाच दिली आहे. साउंडफाँटमधल्या (कॉम्प्युटरच्या तयार वाद्य-आवाजांमधल्या) सतारीला खरी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही आणि ते लगेच कानाला खुपतं. हार्मोनियमला मींड मुळातच नाही, त्यामुळे कान फसवणूक पकडत नाही. वाजवणाऱ्यांना पाश्चात्त्य पाच रेघांची स्वरलिपी (स्टाफ) वाचता येत नाही म्हणून प्रत्येक स्वराखाली कंट्रोल-एलने सारेगम लिहिली. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढून स्वरलिपीतून शिकवणं रुजवलं ते याच बडोद्यात. इथे छापील सारेगम समोर ठेवली की काम चालू होतं.

आता मधली सोळा आवर्तनं. तिथला रॉयल्टी-फ्री ट्रॅकही १०० च्या लयीचा, म्हणून तोही तेवढाच पुढे पळतो. टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून लांबवणं) केलं तर थापेची धार जाते. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटमचा प्लेबॅक रेट ०.९९९ आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ बंद: सूर फक्त १.७ सेंट (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) उतरतो, कुणाच्याही कानाला कळणार नाही इतका. पण परवाना उघडून वाचला आणि तो निघाला क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एनडी: श्रेय द्या (बीवाय), पण रूपांतर प्रसिद्ध करू नका (एनडी). क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये संगीत चालत्या चित्राशी जुळवणं हेच रूपांतर धरलं जातं, म्हणजे एनडी ट्रॅक व्हिडिओखाली लावून प्रसिद्ध करताच येत नाही. एसए (‘शेअर-अलाइक’) घेतला तर आपली फिल्मही त्याच परवान्यात द्यावी लागते. ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दावर विसंबू नये. साधा बीवाय घ्यावा, श्रेय वर्णनात लिहावं आणि डाउनलोडच्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट फाइलजवळ ठेवावा.

हे लिहिता लिहिताच सुचलं: तिथे तालाचा ट्रॅक हवाच कशाला? कृष्णाच्या चित्रांवर कॅमेरा संथ फिरतो. बीवायचा नुसता तानपुरा खाली धरला, तर त्याला मात्राच नाही, घसरणार काय? तबला आपल्याच स्कोरमधून येईल. फक्त तानपुऱ्याचा सा हार्मोनियमच्या पट्टीला आणावा लागेल. तो दोन पट्ट्यांहून जास्त हलवायचा नाही, जवारी (तारेचा झंकार) बिघडते. तेव्हा पुढच्या आठवड्यात मधला भाग नव्याने.

आणि पुढची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमवरच. तिथे १५०० भागिले लय इतका सोपा हिशेब आहे: ६०, ७५, १००, १२५ या लयींना मात्रेमागे २५, २०, १५, १२ अशा अखंड फ्रेम येतात. शटर १/५० सेकंद ठेवलं की वाड्यातल्या ट्यूबलाइटही लुकलुकणार नाहीत.